आधी माशी, मग पेटी

गच्चीवर तुळस, मोगरा आणि दुधीचा वेल लावून झाला की हौशी माणसाला मधमाश्या पाळण्याचे वेध लागतात. हौस चांगली, पण हा गृहस्थ पहिल्याच दिवशी यादी घेऊन बाजारात जातो आणि लग्नाचा बस्ता बांधावा तसे सामान बांधून आणतो. पेटी, मुखवटा, हातमोजे, मध काढायचे यंत्र! माशी तेवढी राहून जाते.

वास्तविक पहिला प्रश्न माशीचाच. आग्या माशी उघड्यावर पोळे बांधते. तिला पेटीत घालण्याच्या भरीस कोणी पडू नये. आपल्या सह्याद्रीच्या पट्ट्यात पेटीत नांदते ती सातेरी. बाहेरून आणलेली मेलिफेरा सातेरीहून अंगाने मोठी, म्हणून तिची पेटी मोठी, चौकटी मोठ्या आणि मेणपत्र्यावरचे षटकोनही मोठे. त्या पेटीत सातेरीला ठेवणे म्हणजे नवराबायकोच्या बिऱ्हाडाला अख्खा वाडा देणे. एवढी जागा ऊबदार राखणे तिला जमत नाही, आणि सातेरीचे मन एकदा उडाले की ती घर सोडून चालती होते. तुमचे पैसे मात्र रिकाम्या पेटीत राहतात. तेव्हा विक्रेत्याला आधी माशीचे नाव सांगावे.

पेटीचा रंग पाहू नका, फटी पाहा. लँगस्ट्रॉथ या अमेरिकन पाद्रीबुवांनी १८५१ साली एक मोठी गोष्ट हेरली. ये-जा करण्यापुरती, म्हणजे साधारण सहा ते नऊ मिलिमीटरची, वाट माश्या मोकळी ठेवतात. त्याहून रुंद असली की तिथे पोळे बांधून टाकतात. (आपल्या चाळीतला रिकामा कोपरा असाच भरतो.) पेटीचे माप चुकले की चौकट भिंतीला जखडते, ती ओढताना पोळे फाटते, माश्या चिरडतात, कदाचित राणीही. म्हणून दुकानातच प्रत्येक चौकट वर काढून पाहावी. अडली, तर ती पेटी दुकानातच राहू द्यावी.

चौकटी सोडवायला लोखंडी पटाशी हवी. धुराचे यंत्र हवे. त्यात नारळाची सोडणे किंवा औषधाचा अंश नसलेले जुने गोणपाट जाळावे. धुराने माश्यांच्या धोक्याच्या गंधाची वर्दी पोचत नाही आणि त्या मध पिण्यात गुंततात. तोंडावरची जाळी काळी घ्यावी, आरपार नीट दिसते. आणि घरात कोणाला दंशाने अंगभर गांधी उठत असतील किंवा श्वास कोंडत असेल, तर यातले काहीही घेण्यापूर्वी डॉक्टरांकडे जावे. हा सल्ला हौसेवर पाणी ओतणारा असला तरी मी तो मागे घेणार नाही.

मध काढायचे फिरते यंत्र पहिल्या वर्षी घेऊ नये. एखाद्या मधपाळाकडून दोन दिवस मागून आणावे. पण पोळे पिळण्याच्या वाटेला जाऊ नये. पिळलेल्या पोळ्यात मधाबरोबर अळ्याही चिरडतात. यंत्रातून निघालेले पोळे शाबूत राहते, परत पेटीत ठेवता येते. नवे मेण करायला माश्यांना बराच मध खर्ची घालावा लागतो, तो वाचतो.

हे सारे हाताळून पाहायचे तर पुण्याला केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून आहे आणि महाबळेश्वरला मध संचालनालय आहे. आणखी एक वस्तू मात्र दुकानात मागू नका, घरातच सापडेल: घोडीच्या चार पायांखाली ठेवायला पाण्याच्या चार जुन्या वाट्या. मुंग्यांनाही मध आवडतो.