आमच्यावरचा अभ्यास हॉलमध्ये, आम्ही दाराबाहेर

मे महिन्यात जिल्ह्याच्या गावी एका हॉलमध्ये भाषण झालं. एका विद्यापीठाने ठेवलेलं. विषय होता आदिवासींची जमीन आणि नवा पंचायत कायदा. विद्यापीठातला अभ्यास कपाटात पडून राहतो, तो सरकार चालवणाऱ्यांच्या कानावर जावा म्हणून अशी भाषणं ठेवतो, असं पत्रिकेत छापलं होतं. पत्रिका आम्हाला शाळेच्या एका मास्तरांनी दाखवली. "सर्वांना खुले" असंही त्यात होतं. म्हणून संघटनेतले आम्ही चौघे पहाटेच्या एस.टी.ने गेलो.

दारात विचारलं, निमंत्रण आहे का? आम्ही पत्रिका दाखवली. मग विचारलं, कोणत्या खात्याचे? आम्ही म्हटलं, ज्यांच्याबद्दल बोलणार त्यांच्यातले. अर्धा तास उभं केलं आणि मग मागच्या भिंतीला जागा दिली. पुढच्या खुर्च्यांवर महसूल, फॉरेस्ट, प्रकल्प कार्यालय, आमदार असे बसले होते. हारतुरे झाले. भाषण निम्मं इंग्रजीत झालं. शेवटी दोन प्रश्न घेतले, दोन्ही पुढच्या रांगेतले. आमचा हात वर होता. "वेळ संपली, चहा घ्या," असं सांगितलं.

चहा घेतला. चहाशी आमचं भांडण नाही.

प्राध्यापक माणूस वाईट नव्हता हेही लिहितो. 1974 च्या कायद्याने आदिवासींच्या जमिनी परत करायच्या होत्या, तरी सावकाराच्या आणि बिगर आदिवासींच्या ताब्यातून त्या नीट सुटल्या नाहीत, हे त्यांनी अधिकाऱ्यांच्या तोंडावर सांगितलं. ते बरोबर होतं. आम्ही टाळ्या वाजवल्या. पण पुढे ते जंगल प्लॉटवर आले आणि पाचदहा वेळा एकच शब्द बोलले, "अतिक्रमण". आकडे दिले, तेही अतिक्रमणाचे. आकडे कुठले? फॉरेस्ट खात्याच्या रजिस्टरातले. समोर बसलेले फॉरेस्टचे साहेब मान हलवत होते. का नाही हलवणार? त्यांचंच रजिस्टर त्यांना विद्यापीठाच्या तोंडून ऐकायला मिळालं. आता तेच साहेब म्हणतील, आम्ही नाही, विद्यापीठाने सांगितलंय.

साथींनो, हे रजिस्टर कसं भरतं ते तुम्हाला ठाऊक आहे, पण प्राध्यापकांना ठाऊक नाही. गार्ड शेतावर आला आणि त्याने दंडाची पावती फाडली तर तुमचं नाव सरकारी कागदावर चढलं. पण ज्याच्याकडे दंडाला पैसे नव्हते त्याने काय केलं? कोंबडी दिली, नागली दिली, तांदूळ दिला. गार्ड खुशीत गेला, पावती नाही. 1978-79 साली सरकारने ठरवलं की जुने प्लॉट नावावर करायचे. तेव्हा चौकशीला साहेब आले आणि म्हणाले, पावती दाखव. पावती असलेला वाचला. कोंबडी दिलेला चोर ठरला. जो जास्त गरीब तो कागदातून गळाला. म्हणजे रजिस्टर बघून अभ्यास करणारा माणूस सगळ्यात गरीब आदिवासी बघतच नाही.

आमच्यातली एक म्हातारी परतीच्या वाटेवर म्हणाली, "मंग माझ्या बापानं शेती कुठं केली, आभाळात?" या प्रश्नाला त्या हॉलमध्ये जागा नव्हती. पण सुप्रीम कोर्टात होती. आपल्याच ठाणे जिल्ह्यातल्या प्लॉटवाल्यांच्या केसमध्ये 1995 साली कोर्टाने सांगितलं की नुसता कागद नाही म्हणून दावा टाकून देऊ नका, दुसरा पुरावाही बघा. शेताचा बांध, आंब्याचं झाड, पाड्यातल्या म्हाताऱ्यांची जबानी हाही पुरावाच आहे. कोर्टाला जे कळलं ते विद्यापीठाला का कळू नये?

दुसरी गोष्ट नकाशाची. पडद्यावर आपल्या तालुक्याचा नकाशा दाखवला. त्यात महसुली गावं होती, पण पाडे नव्हते. आम्ही आमचा पाडा शोधत होतो, तिथे नुसता हिरवा रंग होता. तुम्ही म्हणाल, एवढंसं काय धरून बसता? पण याच एवढ्याशा गोष्टीवर पुढचं सगळं अवलंबून आहे. मागच्या 24 डिसेंबरला, म्हणजे 1996 ला, दिल्लीत अनुसूचित क्षेत्राच्या पंचायतीचा 40 नंबरचा कायदा झाला. भूरिया समितीने 1995 च्या जानेवारीत अहवाल दिला होता, त्यावरून हा कायदा आला. त्यात गाव कशाला म्हणायचं ते लिहिलंय. वस्ती किंवा वस्त्यांचा गट, पाडा किंवा पाड्यांचा गट, जिथे समाज आपल्या रूढीप्रमाणे आपला कारभार चालवतो ते गाव. म्हणजे आपला पाडा हेच गाव होऊ शकतं आणि पाड्याची सभा हीच ग्रामसभा.

आज काय होतं? आठ-दहा पाड्यांची मिळून एक ग्रामपंचायत. सभा गावठाणात, सरपंचाच्या सोयीने, आवणीच्या ऐन दिवसात. लांबच्या पाड्यातली बाई डोंगर उतरून येईपर्यंत सह्या झालेल्या असतात. नव्या कायद्याप्रमाणे जमीन घेण्याआधी ग्रामसभेला किंवा पंचायतीला विचारावं लागेल. आदिवासीची जमीन जाऊ न देणं आणि बेकायदा गेलेली परत आणणं याचे अधिकारही त्यांच्याकडे यायचे आहेत. गौण वनोपजाची मालकीही आहे. पण ही ग्रामसभा पाड्याची की गावठाणाची? राज्य सरकारला आपले कायदे बदलायला एकच वर्ष दिलंय, ते येत्या 24 डिसेंबरला संपतं. म्हणजे मुंबईत आत्ता याच दिवसात मसुदे लिहिले जात असणार. आणि मसुदा लिहिणाऱ्या साहेबांपुढे ज्या नकाशावर भाषण होतं, त्यात पाडाच नाही. जो नकाशात नाही तो कायद्यात कसा येणार?

कुणी म्हणेल, निदान कुणीतरी तुमच्या बाजूने सरकारशी बोलतंय, त्यालाही नावं ठेवता? त्यांना जुनी गोष्ट सांगतो. सिमिंग्टन नावाच्या गोऱ्या अंमलदाराने मुंबई सरकारच्या सांगण्यावरून आदिवासी भागाची चौकशी केली. 1939 साली त्याचा अहवाल छापला गेला. ठाण्यातली वेठ, मारझोड, जमीनदारांचा जुलूम सगळं त्यात आहे. सरकारला सगळं कळलं. मग वेठ बंद झाली का? नाही झाली. 23 मे 1945 ला तलासरीजवळ झरीला वारली जमले, त्यांनी वेठ करणार नाही असं ठरवलं, तेव्हा ती बंद व्हायला लागली. त्याच वर्षी ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबार झाला, आपली माणसं मेली. अहवाल खरा होता, पण खरं असून तो सहा वर्षं पडून राहिला, कारण ज्यांच्यासाठी होता त्यांच्या हातात तो नव्हता.

आणि 1992 विसरू नका. जव्हार तालुक्यात वावर-वांगणीला पोरं मेली. त्यानंतर किती गाड्या आल्या! कुणी पोरांचं वजन केलं, कुणी दंड मोजला, कुणी रक्त नेलं. आईबापांना परत येऊन कुणी सांगितलं का, तुमच्या पोराच्या वजनातून आम्हाला काय कळलं, सरकारला आम्ही काय सांगितलं?

आम्ही अभ्यासाच्या विरोधात नाही. आमच्यातले बरेचजण बारावीपर्यंत शिकलेत ते पुस्तकाला शिव्या द्यायला नाही. चांगला अभ्यास कसा असतो तेही आम्हाला माहीत आहे. डॉ. ब्रह्मदेव शर्मा अनुसूचित जाती-जमाती आयुक्त होते. त्यांच्या 29 व्या अहवालात जंगलजमिनीचं भांडण आदिवासींच्या बाजूनेही मांडलं. त्यावरून 18 सप्टेंबर 1990 ला दिल्लीच्या पर्यावरण खात्याने परिपत्रकं काढली. आज आपण ज्या परिपत्रकांवर बोट ठेवून रेंजरशी भांडतो ती हीच. गडचिरोलीत धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) गावात तर अभ्यासगट आहेत. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांनी ते कसं चालवलं ते आपल्या काही साथींना ठाऊक आहे. बाहेरचा जाणकार येतो, पण गावात येतो, गावाबरोबर बसतो. चर्चा अभ्यासगटात होते आणि निर्णय ग्रामसभा घेते, तोही सगळ्यांच्या संमतीने. तिथे जाणकार मोठा असतो, पण गावापेक्षा मोठा नसतो.

आम्हीही थोडं करून बघितलं. दिवाळीनंतर दोरी आणि वही घेऊन आम्ही पोरापोरींनी आमच्या पाड्यांतले प्लॉट मोजले, म्हाताऱ्यांना बांधावर नेऊन विचारलं. त्यात आम्हाला न आवडणाऱ्या गोष्टीही निघाल्या. विधवा बाईचा प्लॉट दिराच्या नावाने सांगितला जातो, हे निघालं. आपल्यातल्याच हुशार माणसाने भावाचा तुकडा आपल्यात ओढला, हेही निघालं. संघटनेच्या बैठकीत ते वाचलं तेव्हा भांडण झालं. झालं ते बरंच झालं. अभ्यास पाड्यात वाचला की चूक तिथेच सापडते आणि खोटं बोलणाऱ्याला शेजारी गप्प करतो. हॉलमध्ये खोट्याला टाळ्या मिळतात आणि कुणी उठून बोलत नाही.

म्हणून विद्यापीठवाल्यांना आणि सरकारला आमचं सरळ सांगणं आहे.

1. आमच्यावरचा अभ्यास मंत्री-सचिवांपुढे जाण्याआधी आमच्या पाड्यात मराठीत वाचा. आम्ही म्हणू, हे बरोबर, हे चूक. मग न्या.

2. अभ्यासाची एक प्रत ग्रामसभेला द्या. आमची माहिती घेतलीत, तर कागद आमच्याकडेही राहिला पाहिजे.

3. भाषणाला "सर्वांना खुले" लिहिता तर दार उघडं ठेवा. पहिला प्रश्न ज्यांच्यावर भाषण आहे त्यांचा. दिवस हाटाचा धरा, आवणीचा आणि कापणीचा नको.

4. पुढच्या रांगेतल्या साहेबांनी नुसतं ऐकून जायचं नाही. काय करणार आणि किती दिवसात, ते लेखी द्यायचं.

5. फॉरेस्टच्या रजिस्टरातला आकडा हा एका बाजूचा आकडा आहे, असं तिथेच सांगा. कोर्टाचा निकाल होईपर्यंत आम्हाला अतिक्रमणदार म्हणू नका.

प्राध्यापकांनी चहाच्या वेळी आम्हाला म्हटलं होतं, "या कधी विद्यापीठात, बोलू." आम्ही पत्र पाठवलंय. जाऊही. पण आधी तुम्ही या. पावसाळ्यात या म्हणजे रस्ता कसा आहे तेही कळेल. नाचणीची भाकरी आहे, झोपायला जागा आहे. येताना तुमचा नकाशा आणा, आम्ही त्यात पाडे भरून देतो.

साथींनो, त्यांची वाट बघत बसायचं नाही. आवणी उरकली की प्रत्येक पाड्याने आपली सभा घ्यायची. आमचा पाडा हेच आमचं गाव, असा ठराव करायचा, अंगठे-सह्या घ्यायच्या. बायांचे अंगठे आधी. ठरावाची एक प्रत तहसीलदाराला, एक मुंबईला, एक संघटनेच्या कचेरीत. 24 डिसेंबर लांब नाही.

जंगल-जमीन आमच्या हक्काची!
पाडा हेच आमचं गाव!