एका डॉलरचा करार

खेळाडूची थोरवी आपण चषक मोजून ठरवतो. त्या हिशेबात अमेरिकेची टेनिसपटू बिली जीन किंग कुठेच कमी पडत नाही. ग्रँड स्लॅम स्पर्धांची तिची एकूण विजेतेपदे 39. त्यांतली 12 एकेरीची, आणि एकट्या विम्बल्डनची 20. पण बँकेच्या नोकरीत उमेद घालवलेल्या माझ्यासारखीला तिच्या कारकिर्दीत सर्वांत मोलाचा वाटतो तो एक कागद. त्यावरची रक्कम होती अवघा एक डॉलर.

बिली जीनचा जन्म 1943 सालचा, कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचचा. वडील अग्निशमन दलात. टेनिस तेव्हा पैसेवाल्यांच्या क्लबांत रमणारा खेळ. अकरा वर्षांच्या बिली जीनला एका स्पर्धेत सामूहिक छायाचित्रातून बाजूला काढले गेले. कारण तिने टेनिसचा रीतसर पोशाख नव्हे, तर आईने शिवलेली अर्धी चड्डी घातली होती.

1968 मध्ये विम्बल्डनला रोख बक्षिसे आली. पुरुषांचा विजेता रॉड लेव्हर याला 2,000 पौंड मिळाले, बिली जीनला 750. 1970 मध्ये लॉस एंजेलिसच्या एका स्पर्धेने तर पुरुष विजेत्याला 12,500 डॉलर आणि स्त्री विजेतीला 1,500 जाहीर केले. तेव्हा नऊजणींनी वेगळी वाट धरली. 23 सप्टेंबर 1970 रोजी ह्यूस्टनमध्ये टेनिस मासिकाच्या प्रकाशिका ग्लॅडिस हेल्डमन यांच्याशी त्यांनी प्रत्येकी एक डॉलरचा करार केला. अमेरिकेच्या टेनिस संघटनेने निलंबनाचा बडगा उगारला, तरी त्या हटल्या नाहीत. त्यांना पैसा पुरवला तो एका सिगारेट कंपनीने, हेही नोंदवायला हवे. पुढच्याच वर्षी बिली जीनने बक्षिसांतून लाखाहून अधिक डॉलर मिळवले. एका वर्षात एवढी कमाई करणारी ती पहिली स्त्री खेळाडू.

1973 मध्ये तिने 55 वर्षांच्या बॉबी रिग्जला तीस हजारांवर प्रेक्षकांसमोर सरळ तीन सेटमध्ये हरवले. लोकांच्या लक्षात तो सामना राहिला. मला त्याच वर्षीची दुसरी गोष्ट मोठी वाटते. 1972 ची अमेरिकन स्पर्धा जिंकून तिला 10,000 डॉलर मिळाले होते, पुरुष विजेत्याला 25,000. पुढच्या वर्षी बक्षीस समान नसेल तर खेळणार नाही, असे तिने बजावले. आणि नुसते बजावून न थांबता फरकाची रक्कम भरणारा पुरस्कर्ताही शोधून दिला. 1973 मध्ये बक्षिसे समान झाली. विम्बल्डनला हे शहाणपण 2007 साली सुचले!

स्त्रिया तीनच सेट खेळतात, मग बक्षीस समान का, असे अजूनही विचारले जाते. पण गवयाची बिदागी आपण घड्याळ लावून ठरवतो का?

घर तिच्या कमाईवर चालत असतानाही तिला स्वतःच्या नावावर क्रेडिट कार्ड मिळत नव्हते. अमेरिकेत त्याविरुद्धचा कायदा 1974 मध्ये झाला. मी हसू शकत नाही. आमच्या शाखेत शिवणकाम करून चार बायकांना रोजगार देणारी एक बाई कर्जासाठी आली होती. वह्या चोख, अर्ज पूर्ण. वरिष्ठांचा पहिला प्रश्न होता, "यजमान नाही आले?"

या वाटेची किंमत तिने पुरेपूर मोजली. 1981 मध्ये एका स्त्रीशी असलेले तिचे संबंध कोर्टकचेरीमुळे चव्हाट्यावर आले आणि तिच्या जाहिराती पाहता पाहता गेल्या. वकिलांची बिले भागवायला ती खेळत राहिली आणि 1983 मध्ये, 39 व्या वर्षी, विम्बल्डनच्या उपांत्य फेरीत पोचली.

मुलाचा खेळ म्हणजे भवितव्य आणि मुलीचा म्हणजे हौस, हा भेद आपल्या घराघरांत आहे. मुलगी पहिले बक्षीस किंवा पहिला पगार घेऊन येईल तेव्हा पेढे जरूर वाटा. पण त्याआधी तिच्या एकटीच्या नावाने खाते उघडा. सही तिची तिलाच करू द्या.