जुने दप्तर आणि नवा पडदा

या शाळेच्या वसतिगृहातून बाहेर पडून मी महसूल खात्यात कारकून झालो, तेव्हा कचेरीत माणसाची पत त्याच्या हस्ताक्षरावरून ठरत असे. फेरफार नोंदवही आणि सातबारा यांतील ओळ न् ओळ ज्याला उलगडे, तो जाणता मानला जाई. सेवेच्या अखेरीस हे चित्र पालटले. 1 मे 2018 रोजी राज्यात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा आला. 15 ऑगस्ट 2021 पासून शेतकरी पिकाची नोंद स्वतःच मोबाइलवरून करू लागला.

आम्हां वयस्कांना वाटले, आपली विद्या निकामी झाली. येथे एक कबुली दिली पाहिजे. संगणकावर काम अडले की, 'मला येत नाही' म्हणण्याची लाज वाटून मी लोकांना 'सर्व्हर बंद आहे' असे सांगून परत पाठवले आहे. दिवसाची मजुरी बुडवून आलेल्या माणसाला माझा हा खोटा मान केवढ्याला पडला असेल!

दोष तरुणांकडेही होता. पडद्यावर दिसते तेवढेच खरे, अशी त्यांची समजूत. एका वृद्धेचे नाव संगणकीय उताऱ्यावर नव्हते. 'नाव नाही, तर हक्क नाही,' असे सांगून तिची बोळवण झाली. मी दप्तरातून जुना फेरफार काढला. वारसांमध्ये तिचे नाव होते. संगणकावर उतरवताना ते गळले होते. जमीन महसूल संहितेच्या कलम 155 प्रमाणे लेखनप्रमाद दुरुस्त होतो, हे मला ठाऊक होते. तो प्रस्ताव संगणकावर कसा चढवावा, हे त्या तरुण सहकाऱ्याला. 'सर, शेजारी बसा, दाखवतो,' तो म्हणाला. तहसीलदारांच्या आदेशाने बाईंचे नाव लागले. त्या दिवसापासून आम्ही दोघेही एकमेकांना विचारू लागलो.

हा केवळ कचेरीतला प्रश्न नाही. आपल्या समाजातील अनेक कुटुंबांच्या जमिनी मूळच्या वतनाच्या. कनिष्ठ गाव वतने 1958 च्या कायद्याने नष्ट झाली आणि जमिनी शर्तींसह परत मिळाल्या. परवानगीवाचून त्या विकता येणार नाहीत, अशी मूळ शर्त होती. त्या शर्तीचा शेरा उताऱ्यावरून गळाला, तर जमीन परस्पर हातची जाऊ शकते. तो शेरा कोठे शोधावा हे आजोबांना ठाऊक आहे. आज उताऱ्यावर तो आहे की नाही, हे नातीला क्षणात पाहता येते. दोघे एकत्र बसले नाहीत, तर हानी घराचीच आहे.

वेग हे ज्ञान नव्हे, आणि नुसते वयही ज्ञान नव्हे. म्हणून माझी एक सूचना आहे. माजी विद्यार्थी मेळाव्याला येताना प्रत्येकाने घरातील जुना सातबारा आणि फेरफाराची नक्कल सोबत आणावी. नववी-दहावीच्या मुलामुलींनी आजचा उतारा काढून द्यावा आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचावेत. ज्या शाळेने आम्हांला अक्षर दिले, तिच्या अंगणात हे वाचन व्हावे, याहून उचित गुरुदक्षिणा मला सुचत नाही.