शेवटचे पद आणि पहिला आघात

इंग्रजीतल्या सामासिक शब्दाचा अर्थ बहुतेक वेळा शेवटच्या पदावर ठरतो. हाउसबोट ही बोट असते, तर बोटहाउस म्हणजे बोटी ठेवण्याची जागा. मराठीतला तत्पुरुष समास शिकलेल्याला यात काहीच नवे नाही. तरीही हा धडा बहुधा भलत्याच टोकाकडून शिकवला जातो: जोडून लिहिलेले, संयोगचिन्हाचे आणि सुटे असे तीन प्रकार, आणि खाली पाठांतराची यादी.

हे प्रकार लेखनाचे आहेत, समासाचे नव्हेत. शिवाय ते बदलत राहतात. 'शॉर्टर ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी'च्या २००७ सालच्या सहाव्या आवृत्तीत सुमारे १६,००० शब्दांतली संयोगचिन्हे गेली. 'आइस क्रीम' सुटे झाले, 'बंबलबी' जोडले गेले. कोशच जिथे मत बदलतो, तिथे एका चिन्हासाठी मुलांचे गुण कापणे अन्यायाचे आहे.

समास ओळखावा तो कानाने. 'ब्लॅकबर्ड'मध्ये आघात पहिल्या पदावर पडतो आणि एक विशिष्ट पक्षी डोळ्यांसमोर येतो. त्याची मादी तपकिरी असते, तरी ती ब्लॅकबर्डच. आघात 'बर्ड'वर गेला की तो कुठलाही काळा पक्षी, अगदी कावळासुद्धा. या नियमाला अपवाद आहेत. 'ऑक्सफर्ड स्ट्रीट'मध्ये जोर ऑक्सफर्डवर असतो, पण 'ऑक्सफर्ड रोड'मध्ये तो रोडवर जातो. असे अपवाद ऐकूनच अंगवळणी पडतात.

दोन पदांमधले नाते मात्र शब्दात कुठेच दिसत नाही. ऑलिव्ह ऑइल ऑलिव्हपासून काढलेले, बेबी ऑइल बाळासाठी केलेले. इथे विग्रहाची सवय कामी येते. रेडहेड म्हणजे लाल डोके नव्हे, तांबूस केसांची व्यक्ती. हा सरळ बहुव्रीही आहे. इंग्रजी व्याकरणकारांनी 'बहुव्रीही' आणि 'द्वंद्व' या संज्ञा संस्कृतातून जशाच्या तशा उचलल्या. मराठीच्या तासाला त्याच संज्ञा शिकणाऱ्या मुलांना इंग्रजीच्या तासाला हे आवर्जून सांगायला हवे.

संयोगचिन्ह खरोखर हवे ते नामाआधीच्या विशेषणात. 'मॅन-ईटिंग टायगर' हा नरभक्षक वाघ. चिन्ह गाळले तर वाघ खाणारा माणूस असाही अर्थ निघतो. अशा विशेषणातले नाम एकवचनीच राहते: मुलगा 'फाइव्ह इयर्स ओल्ड' असतो, पण 'फाइव्ह-इयर-ओल्ड बॉय' म्हणताना इयरचा 'स' गळतो.

अनेकवचनाचा प्रत्यय प्रधान पदाला लागतो. म्हणून 'मदर्स-इन-लॉ' आणि 'पासर्स-बाय'. या शब्दांत प्रधान पद पहिले आहे. 'ग्रोन-अप'मध्ये नामच नाही, तेव्हा प्रत्यय शेवटी जातो: 'ग्रोन-अप्स'.