मृगाआधीची बैठक

मे सरत आला की जामखेडच्या माळावरची नांगरट आटोपलेली असते, बी-बियाण्याची जुळवाजुळव सुरू होते आणि रोहिणीच्या उन्हात साऱ्यांचे डोळे आभाळाकडे लागतात. याच आठवड्यात चौंडीच्या वाटेवर माणसांची रीघ लागते. 31 मे हा पुण्यश्लोक अहिल्यादेवींच्या जन्माचा दिवस. 1725 साली त्या याच तालुक्यातल्या चौंडीत जन्मल्या. त्याच्या सहाच दिवस आधी जामखेडला गावोगावचे आरोग्यकाम उभे करणाऱ्या डॉ. रजनीकांत आरोळे यांचा स्मृतिदिन येतो; 25 मे 2011 रोजी ते गेले. जयंती आणि स्मृतिदिन असे हातात हात घालून येतात, तेव्हा हारफुले वाहून झाल्यावर घटकाभर थांबावेसे वाटते. मृगाच्या आधी शेताची बांधबंदिस्ती पाहून घ्यायची ही आपली जुनी रीत. आपण चार माणसे मिळून जे जे चालवतो, ती सोसायटी, दूध संस्था, बचत गट, तरुण मंडळ आणि गावची ग्रामसभा, त्यांचेही बांध याच दिवसांत एकदा फिरून पाहायला हवेत.

ते कुठे फुटतात हे आपल्याला ठाऊक असते. 1 मेच्या ग्रामसभेचेच घ्या. कायद्याने गणपूर्ती मागितली आहे ती एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 माणसे, यांत जी संख्या कमी असेल ती. एवढीही माणसे जमत नाहीत आणि सभा तहकूब होते. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. मग बोटांवर मोजण्याइतक्या माणसांत ठराव होतात, सूचक आणि अनुमोदक म्हणून नेहमीचीच दोन नावे लिहिली जातात, आणि ज्या विषयावर गावाने तासभर भांडायला हवे होते तो ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय’ या ओळीखाली निघून जातो. ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यावी असा कायदा आहे; पुष्कळ गावांत ती सह्यांपुरती उरली आहे. यात कोणी दुष्ट असतो असे नाही. आपण एकत्र येतो ते उत्साहाने किंवा संकटाने, आणि दोन्ही ओसरले की ज्याच्या हाती वही असते त्याच्या हाती संस्था जाते.

संकटाने जोडलेल्या एकीचे मोल आणि तिची मर्यादा, दोन्ही आपल्याच तालुक्याने पाहिली आहेत. 11 मार्च 1795 रोजी खर्ड्याजवळ मराठ्यांनी निजामाचा पराभव केला. नाना फडणविसांनी जुळवून आणलेल्या त्या मोहिमेत परशुरामभाऊ पटवर्धनांच्या हाती सेनापतिपद होते आणि शिंदे, होळकर, भोसले असे सारे एका छावणीत होते. निजामाला खर्ड्याच्या किल्ल्याचा आसरा घ्यावा लागला आणि पडेल त्या अटींवर तह करावा लागला. एवढे मोठे यश, पण सरदार मंडळी अशी एकदिलाने उभी राहिली ती शेवटचीच. त्याच वर्षी 13 ऑगस्टला महेश्वरी अहिल्यादेवी गेल्या आणि ऑक्टोबरात पेशवे सवाई माधवराव. पाठोपाठ वारसाचे वाद पेटले. 1802 च्या ऑक्टोबरात पुण्याच्या वेशीवर होळकरांची फौज शिंदे-पेशव्यांच्या फौजेशी लढली आणि त्याच वर्षाच्या अखेरच्या दिवशी पेशव्यांनी इंग्रजांशी वसईचा तह केला. खर्ड्याच्या विजयाला आठ वर्षेही झाली नव्हती. समोर शत्रू होता तोवर सारे एक होते. तो हटल्यावर आपापसांतला वाद कोणी, कुठे बसून मिटवायचा याची सोय कोणीच करून ठेवली नव्हती.

अहिल्यादेवींनी ती सोय जाणून केली होती. पती, सासरे आणि मुलगा पाठोपाठ गेल्यावर 1767 मध्ये कारभार हाती आला, तेव्हा त्यांनी सारी सत्ता आपल्या मुठीत ठेवली नाही. फौजेची जबाबदारी तुकोजीराव होळकरांकडे दिली, मुलकी कारभार स्वतःकडे ठेवला, आणि मतभेद झाले तरी ही वाटणी जवळजवळ तीस वर्षे टिकवली. रोज उघड्या दरबारात बसून त्या रयतेचे गाऱ्हाणे ऐकत. त्यांच्या घाटांविषयी आणि मंदिरांविषयी आपण पुष्कळ बोलतो. कामाच्या वाटणीविषयी आणि त्या रोजच्या ऐकण्याविषयी जयंतीच्या भाषणांत क्वचितच काही येते.

आणि मग आपल्या आठवणीतल्या काळाकडे यावे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे 1970 साली जामखेडला आले. पाठोपाठ 1972 चा दुष्काळ पडला. दवाखाना उघडून रोग्यांची वाट पाहता आली असती. त्यांनी गावोगावच्या पुरुषांना व्हॉलिबॉल खेळायला बोलावले. एरवी एका ओट्यावर न बसणारे वेगवेगळ्या जातींचे तरुण जाळीच्या एकाच बाजूला उभे राहिले, खेळ संपल्यावर बोलत बसले, आणि त्यातून शेतकरी मंडळे उभी राहिली. हातपंपासाठी बोअर घ्यायची वेळ आली तेव्हा ते दलित वस्तीत घेण्याचा आग्रह धरला गेला. पाण्यासाठी साऱ्या गावाला त्या वस्तीत जावे लागले. समतेवरच्या कितीतरी व्याख्यानांनी जे साधले नसते ते एका हातपंपाच्या जागेने साधले, असे आम्हाला वाटते.

आरोग्याच्या कामासाठी गावांत आधी शिकलेल्या परिचारिका पाठवून पाहिल्या, पण परक्या गावात एकट्या राहणाऱ्या त्या मुलींचा जीव तिथे रमेना आणि गावही त्यांच्याशी मोकळे होईना. तेव्हा गावानेच आपल्यातली एक बाई निवडावी असे ठरले. निवडलेल्या कितीतरी जणी निरक्षर होत्या, दलित होत्या, कुणी टाकलेल्या, कुणी विधवा. दर आठवड्याला त्या जामखेडला येत, एकत्र राहत, एकत्र जेवत. चित्रांवरून शिकत, आठवडाभरात गावात काय घडले ते एकमेकींना सांगत, आणि जुन्या जणी नव्यांना शिकवत. गावात कोणाच्या दारात न थांबणारी बाई घराघरांत बाळंतपण करू लागली, बाळाचे वजन घेऊ लागली, जुलाब झालेल्या लेकराला मीठ-साखरेचे पाणी पाजायला आयांना शिकवू लागली. पुढे महिला मंडळांत तीच बोलू लागली. 1971 मध्ये आरोळ्यांच्या या आरोग्य प्रकल्पाच्या गावांत जन्मलेल्या हजार बाळांपैकी 176 वर्षाच्या आत दगावत; नव्वदच्या दशकात हा आकडा तिशीच्या खाली आला. 1979 चा मॅगसेसे पुरस्कार आरोळे दांपत्याला मिळाला तो समाजनेतृत्वासाठी, वैद्यकासाठी नव्हे. पुढे 2005 मध्ये देशभर गावोगावच्या ‘आशा’ आरोग्य कार्यकर्त्या उभ्या राहिल्या, त्यामागच्या प्रेरणांत जामखेडचाही वाटा आहे.

डॉक्टरांनी आपली विद्या हातची राखली नाही. मेबल आरोळे 1999 मध्ये गेल्या, रजनीकांत 2011 मध्ये, तरी गावातली बाई बाळाचे वजन घ्यायचे विसरली नाही. आपल्या संस्थांना लागलेला मोठा रोग नेमका हाच आहे: जाणती माणसे हातची विद्या सोडत नाहीत. सोसायटीचा ताळेबंद एकालाच वाचता येतो, बँकेचे व्यवहार एकालाच ठाऊक असतात, तालुक्याच्या कचेरीत ओळख एकाचीच असते. तो माणूस प्रामाणिक असला तरी त्याच्यामागे संस्था पोरकी होते, आणि प्रामाणिक नसला तर त्याच्यासमोरच. वीस वर्षे निवडून येणाऱ्या अध्यक्षाचा आपण सत्कार करतो. त्याने कितीजण तयार केले हे विचारायला आपली जीभ रेटत नाही, कारण ते विचारणे म्हणजे विरोध असे आपण धरून चाललो आहोत. तरुणांकडे मांडव आणि सतरंज्या देतो, वही देत नाही. बायकांचा बचत गट असतो आणि कर्जाचा आकडा बाहेर उभा असलेला नवरा ठरवतो.

चौंडीहून परतताना म्हणून एवढे ठरवू या. पेरण्यांची गडबड सुरू होण्याआधी आपल्या गटाची एक बैठक घेऊ. हिशेब मोठ्याने वाचायला कधीही न बोललेल्या सभासदाला सांगू, तो अडखळला तरी मधे बोलू नये. इतिवृत्ताची वही यंदा पंचविशीच्या आतल्या मुलाकडे किंवा मुलीकडे देऊ आणि जुन्या सचिवांनी वर्षभर शेजारी बसून शिकवावे. आणि 15 ऑगस्टला पुन्हा ग्रामसभा आहे. झेंडावंदन झाले की घरी न जाता तिथेच थांबू या, आणि घरातल्या बायकांनाही आदल्या महिला सभेला पाठवू या. या वेळी तरी सभा तहकूब होऊ देऊ नये.