व्यवहारशब्दांचा पाठ : जामीन

गेल्या महिन्यांत 'मोबदला' या शब्दाचें विवरण करितांना आम्हीं असें लिहिलें होतें कीं, मोबदल्यावांचून केलेला करार सामान्यतः निष्फळ होय. त्यावर वाणिज्य शाखेच्या एका विद्यार्थ्यानें पत्र पाठवून मोठा मार्मिक प्रश्न विचारिला आहे. त्याच्या वडिलांनीं एका जुन्या स्नेह्याच्या दुकानाच्या कर्जासाठीं जामीन म्हणून सही केली. दुकान बुडालें, स्नेही हप्ते भरीनासा झाला, आणि नोटीस आली ती वडिलांच्या नांवें. 'वडिलांस या व्यवहारांत एक कवडीही मिळाली नाहीं. मग त्यांचा मोबदला कोठें आहे? आणि मोबदला नाहीं, तर तुमच्याच नियमानें हा करार निष्फळ कां नव्हे?' मुलानें धडा नीट वाचला आहे याचा आम्हांस संतोष वाटला. उत्तर मात्र संतोषाचें नाहीं.

नव्या वाचकांसाठीं मागील पाठ थोडक्यांत सांगून पुढें जाऊं. आपल्याकडील देण्याघेण्याचा पाया म्हणजे १८७२ चा कराराचा कायदा. एकानें 'मी अमुक करीन' असें दुसऱ्यापुढें मांडिलें म्हणजे तो प्रस्ताव. दुसऱ्यानें तें जसेंच्या तसें मान्य केलें म्हणजे स्वीकार. स्वीकारलेला प्रस्ताव म्हणजे वचन. वचनाच्या बदल्यांत जें केलें किंवा सोडलें जातें तो मोबदला. या सर्वांचा मिळून ठराव होतो, आणि ज्या ठरावाची अंमलबजावणी न्यायालय करून देतें त्यासच करार म्हणावें. संमति मोकळी हवी, हेतु कायदेशीर हवा, आणि करार करणारा सज्ञान हवा. अज्ञान मुलाचा करार मुळांतच शून्य, हें प्रिव्ही कौन्सिलनें १९०३ सालीं मोहोरी बीबीच्या खटल्यांत ठरविलें. तो निर्णय वाणिज्याच्या विद्यार्थ्यांस अजून पाठ करावा लागतो.

आतां प्रश्नाकडे वळूं. मोबदला म्हणजे वचन देणाऱ्याच्याच खिशांत कांहीं तरी पडलें पाहिजे, असें कायदा कोठेंही म्हणत नाहीं. त्याच्या इच्छेवरून दुसऱ्यानें कांहीं केलें, एवढें पुरे. जामिनाच्या बाबतींत तर १२७ वें कलम स्पष्टच सांगतें कीं, मूळ ऋणकोच्या हितासाठीं जें कांहीं केलें गेलें तोच जामिनाच्या वचनाचा पुरेसा मोबदला. दुकानदार पुतण्यास उधार कापड देईना. काका म्हणाले, 'द्या, त्यानें न दिल्यास मी देईन'. दुकानदारानें कापड मोजून दिलें. कापड गेलें पुतण्याच्या घरीं, आणि तें दिलें जाणें हाच काकांच्या वचनाचा मोबदला झाला. पत्रलेखकाच्या वडिलांच्या सहीवर विसंबून कर्जाची रक्कम स्नेह्यास मिळाली असेल, तर मोबदल्याची तक्रार टिकणार नाहीं.

परंतु येथें एक बारीक खुबी आहे. कापड काल विकून झालें, आणि काकांनीं आज केवळ दुकानदाराचें समाधान करण्यासाठीं 'मी देईन' म्हटलें, तर त्या वचनास मोबदला नाहीं व तें शून्य होय. असें उदाहरण कायद्यानेंच या कलमाखालीं दिलें आहे. मात्र 'आपण सही करा, म्हणजे मी इतके दिवस फिर्याद लावणार नाहीं' असें धनको म्हणाला व खरोखर थांबला, तर तें थांबणें हाच मोबदला झाला. म्हणून कर्जाची रक्कम कोणत्या दिवशीं दिली आणि सही कोणत्या दिवशीं झाली, या दोन तारखा आधीं ताडून पाहाव्या.

शब्दाविषयीं दोन ओळी लिहिल्यावांचून आमच्यानें राहवत नाहीं. 'जामीन' हा मूळ अरबी, फारसीच्या वाटेनें आपल्या दप्तरांत आला. आपला जुना शब्द 'प्रतिभू', म्हणजे दुसऱ्याच्या जागीं उभा राहणारा. आणि त्यांत सगळा कायदा आला. याज्ञवल्क्यस्मृतींत प्रातिभाव्य तीन प्रकारचें सांगितलें आहे : दर्शनाचें, प्रत्ययाचें व दानाचें. 'या माणसास मी हजर करीन' हा पहिला प्रकार. आज आरोपीसाठीं कोर्टांत उभा राहणारा जामीन बहुतांशीं याच जातीचा. 'हा माणूस विश्वासाचा आहे' हा दुसरा, आणि 'यानें न दिल्यास मी देईन' हा तिसरा. पहिल्या दोघांचें बोलणें खोटें ठरल्यास त्यांनाही भरावें लागे, पण त्यांच्या मुलांवर तें येत नसे. तिसऱ्याच्या मुलांवर मात्र येई.

आमच्या सुशिक्षित मंडळींचा घोटाळा होतो तो नेमका येथें. स्नेही दारीं येतो, चहा होतो, 'केवळ औपचारिक सही आहे' असें सांगण्यांत येतें, आणि सही करणारा मनांत समजतो कीं आपण स्नेह्याच्या सचोटीचा दाखला देत आहों. शिफारसपत्र वेगळें आणि जामीनपत्र वेगळें, हें त्या वेळीं कोणी उच्चारीत नाहीं. भीड भिकेची बहीण, ही म्हण पाठ असलेलीं माणसेंही कागद वाचावयास मागणें असभ्यपणाचें समजतात. आमच्या मतें कागद न वाचतां सही मागणें हाच असभ्यपणा होय. आणखी एक भ्रम असा कीं, लेखी नाहीं म्हणजे बंधन नाहीं. इंग्लंडांत १६७७ पासून जामिनकीस लेख लागतो. आपल्या कायद्याच्या १२६ व्या कलमाप्रमाणें तोंडी जामिनकीही चालते.

पत्रलेखकाचा दुसरा प्रश्न असा कीं, स्नेह्याचें दुकान, त्याचा माल, त्याची मोटार हें सर्व असतां नोटीस वडिलांस आधीं कां? याचें उत्तर १२८ व्या कलमांत आहे. करारांत वेगळें ठरलें नसेल, तर जामिनाची जबाबदारी मूळ ऋणकोच्या जबाबदारीइतकीच असते. ती त्याच्यामागून येणारी नसते, त्याच्या बरोबरीची असते. बँक ऑफ बिहारच्या एका खटल्यांत खालच्या न्यायालयानें हुकुमनाम्यांत अट घातली होती कीं, बँकेनें ऋणकोकडून वसुलीचे सर्व उपाय करून पाहावे व मगच जामिनाकडे वळावें. पाटण्याच्या उच्च न्यायालयानें ती कायम ठेविली. सर्वोच्च न्यायालयानें ती काढून टाकिली. निकाल १९६९ च्या रिपोर्टांत छापलेला आहे. धनकोस असें थांबावयास लाविलें तर जामीन घेण्याचा हेतूच नष्ट होईल, असें न्यायालयाचें म्हणणें. तर्क कठोर आहे, पण चुकीचा म्हणतां येत नाहीं. सहकारी पतसंस्थेचें कर्ज असेल तर गति आणखी वाढते, कारण महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या १०१ व्या कलमाप्रमाणें नेहमींच्या दिवाणी दाव्यावांचूनच वसुलीचा दाखला मिळूं शकतो.

एकत्र कुटुंबांतील वाचकांस याहून जवळचा प्रश्न घराचा. वडील बुडाले तर मुलगे बुडतात काय? पितृऋण फेडणें हें पुत्राचें धर्मकर्तव्य, या आधारावर पूर्वीं मुलांविरुद्ध मागणी चाले. २००५ सालीं हिंदु वारसा कायद्यांत दुरुस्ती झाली, व ९ सप्टेंबर २००५ पासून पुढें झालेल्या कर्जांपुरता तो आधार काढून घेण्यांत आला. आतां मुलानें स्वतः सही केली नसेल तर त्याच्या स्वतःच्या कमाईस धक्का नाहीं. वडिलांच्या पश्चात् त्यांची जी मिळकत हातीं येईल, तेवढ्यापुरतेंच देणें. स्नेह्याची जामिनकी हें कांहीं कुटुंबाच्या गरजेचें काम नव्हे. म्हणून कर्त्यानें केलेली असली तरी तिनें भावांचे हिस्से बांधले जात नाहींत. परंतु सही करणाराचा स्वतःचा अविभक्त हिस्सा जप्त होऊन विकला जाऊं शकतो, आणि तो विकत घेणारा परका माणूस वांटणीचा दावा लावूं शकतो. राहत्या घराबाबत असा दावा आल्यास कोर्टानें ठरविलेल्या किंमतीस तो हिस्सा घरच्यांनीं विकत घ्यावा, अशी सोय १८९३ च्या वांटणीच्या कायद्यांत आहे. ती उत्तम आहे, पण पैसा लागतोच. नुसती सही नसून घरही तारण दिलेलें असेल तर प्रकरण निराळें. २००२ च्या कायद्यानें बँकेस साठ दिवसांची नोटीस देऊन, कोर्टांत दावा न लावतां तारणाचा ताबा घेण्याची वाट मोकळी झाली आहे.

अविभक्त असेपर्यंत भावाभावांत, पतिपत्नींत व पितापुत्रांत प्रातिभाव्य नाहीं, असेंही याज्ञवल्क्यानें सांगितलें आहे. दोघांचें धन एकच असतां एकानें दुसऱ्याची हमी देण्यांत अर्थ काय? आजच्या बँका तसें मानीत नाहींत. 'लिमिटेड' कंपनी काढणाऱ्या तरुणांनींही ध्यानांत ठेवावें कीं, कंपनीचें देणें भागधारकावर येत नाहीं हें खरें, पण कर्ज देतांना बँक संचालकांची वैयक्तिक जामिनकी बहुधा मागते. ती दिली कीं त्या कर्जापुरती मर्यादा संपली.

जामिनास कायद्यानें अगदींच उघडें टाकिलें आहे असें मात्र नव्हे. धनको व ऋणको यांनीं जामिनाच्या संमतीवांचून कराराच्या अटी बदलल्या, तर बदलानंतरच्या व्यवहारांपुरता जामीन सुटतो. धनकोनें ऋणकोस मोकळें केलें, किंवा त्याच्याशीं तडजोड करून मुदत वाढवून दिली, तरीही सुटतो. केवळ फिर्याद लावण्यास उशीर केला एवढ्यानें मात्र सुटत नाहीं. छापील नमुन्यांत हे हक्क सोडून दिल्याचें वाक्य पुष्कळदां बारीक अक्षरांत असतें, तें प्रथम शोधावें. दुकानाच्या चालू खात्यासाठीं दिलेली जामिनकी एका रकमेपुरती नसून पुढील उचलींवरही चालू राहते. ती पुढच्या व्यवहारांपुरती धनकोस नोटीस देऊन बंद करतां येते, हें १३० वें कलम फार थोड्यांस ठाऊक असतें. दुकान डळमळूं लागल्याची कुणकुण लागली त्याच आठवड्यांत अशी नोटीस गेली तर पुष्कळ वांचतें. आणि जो अजून सही करणार आहे त्यानें 'अमुक रुपयांपर्यंतच' असा आंकडा कागदावर घालून घ्यावा. १२८ व्या कलमांतील 'करारांत वेगळें ठरलें नसेल तर' हे शब्द त्याच्यासाठींच आहेत.

पैसे भरणें भागच पडलें, तर भरलेली योग्य रक्कम ऋणकोकडून वसूल करण्याचा हक्क जामिनास आहे, व धनकोजवळील तारणही त्याच्याकडे येतें. उघडपणें भरावयास लाविलेल्या जामिनास ऋणकोनें दुप्पट द्यावें, असें याज्ञवल्क्य म्हणतो; १८७२ चा कायदा इतका उदार नाहीं.

तेव्हां पत्रलेखकानें नोटिशीचें उत्तर मुदतींत वकिलामार्फत धाडावें. जामीनपत्राची नक्कल, कर्जखात्याचा उतारा व तारणाची यादी लेखी मागवावी. दुकानांतील माल तारण होता आणि बँकेच्या हयगयीनें किंवा जामिनाच्या संमतीवांचून तो हातचा गेला, असें निघालें तर १४१ व्या कलमानें त्या मालाच्या किंमतीइतकी जामिनाची जबाबदारी कमी होते. कागदावर दुसऱ्याही जामिनाची सही आहे काय, तेंही पाहावें. बँक हवी तर सगळी रक्कम एकट्या वडिलांकडून मागेल. पण वेगळें कांहीं ठरलेलें नसेल, तर भरलेल्या रकमेचा निम्मा भाग त्या दुसऱ्या सहीवाल्याकडून त्यांस मागतां येईल.