माळ कोणाचा ?

ऑगस्टचा दुसरा आठवडा म्हणजे आपल्याकडे बहुधा श्रावणमास. घरांत सोमवारचे उपास, मंगळागौरीची गडबड, शुक्रवारची पुरणावरणाची पंगत आणि सायंकाळीं कहाण्यांचें वाचन. ज्यांच्या घरीं एरवीं सामिष अन्न शिजतें, त्यांच्यापैकीं पुष्कळजण या महिन्यांत तें वर्ज्य करतात. नेमक्या याच दिवसांत, १२ ऑगस्टला, स्कॉटलंड व उत्तर इंग्लंड येथील उजाड पठारांवर बंदुकांचा हंगाम उघडतो. इंग्लंडांत १८३१ च्या कायद्यानें ठरलेला हा मुहूर्त तेथील शिकारी मंडळी आपल्या दसऱ्याच्या उत्साहानें अद्याप पाळतात. ज्या पक्ष्यासाठीं हा सर्व थाट, त्याचें नांव तांबडा ग्राऊस.

कोंबडीहून लहान, तांबूस तपकिरी रंगाचा हा पक्षी त्या पठारांवरील हेदर नांवाच्या खुरट्या झुडपाच्या कोंवळ्या शेंड्यांवर जगतो. तें झुडूप नाहीं तर तो पक्षीहि नाहीं. शिकारीची रीत अशी : हाकारे हातांत निशाणें घेऊन ओळीनें रान उठवीत येतात, शिकारी दगडमातीच्या आडोशांत उभे असतात, पक्षी झुडपांच्या शेंड्यांलगत भरधाव उडत येतात आणि निमिषार्धांत नेम साधावयाचा असतो. १२ ऑगस्ट १९१५ या दिवशीं, युरोपांत महायुद्ध पेटलें असतां, लँकेशायरांतील ॲबीस्टेड येथें आठ बंदुकांनीं एका दिवसांत २,९२९ पक्षी पाडले. हा आंकडा वाचून कोणाहि सहृदय माणसाचें मन विटावें हें साहजिकच आहे.

परंतु या खेळाची दुसरी बाजूहि न्यायानें पाहिली पाहिजे. शिकारीचें उत्पन्न येतें म्हणून तेथील जमीनदारांनीं ती पठारें नांगरलीं नाहींत. पक्ष्यांना कोंवळा चारा मिळावा म्हणून त्यांचे रखवालदार झुडपांचे लहान लहान पट्टे पाळीपाळीनें जाळतात, कोल्ह्याकावळ्यांपासून अंडीं व पिलें राखतात. याच ईर्षेनें कायदा मोडून शिकारी पक्षीहि मारले गेले. तेव्हां स्कॉटलंडच्या विधिमंडळानें २०२४ सालीं कायदा करून ग्राऊसच्या शिकारीला परवान्याचें बंधन घातलें. थोडक्यांत, तेथें त्या उजाड रानाला एक स्वार्थी कां होईना, पण धनी आहे.

आतां आपल्या घराजवळ येऊं. सोलापुराहून हैदराबादच्या वाटेनें निघालें कीं नळदुर्ग लागतें. बोरी नदीवरील धरणाच्या पोटांत बांधलेला तेथील पाणीमहाल आणि पावसाळ्यांत कोसळणारे नर-मादी धबधबे पाहावयास लोक लांबून येतात. पण वाटेंतला माळ कोणी पाहत नाहीं. १८५३ सालीं निजामानें हा मुलूख इंग्रजांच्या स्वाधीन केला, तेव्हां कर्नल मेडोज टेलर हा साहित्यिक अधिकारी येथें कारभार पाहावयास आला व किल्ल्यांतच राहिला. १८६० सालीं मुलूख पुन्हा निजामाकडे गेला. अशा साहेबलोकांना दख्खनच्या माळांवर एक पक्षी भेटला, आणि मायदेशच्या आठवणीनें त्यांनीं त्याला ‘वाळूंतला ग्राऊस’ असें नांव ठेविलें. वास्तविक ग्राऊसशीं त्याचें कांहींएक नातें नाहीं; तो पारव्याच्या अधिक जवळचा. आपल्याकडे त्याला पखुर्डी म्हणतात.

पखुर्डीचा संसार पाहण्यासारखा आहे. घरटें म्हणून नाहींच. उघड्या जमिनीवरील एका खळग्यांत बहुधा तीन अंडीं असतात. आहार कोरड्या बियांचा, त्यामुळें पाण्यावांचून चालत नाहीं. दिवस वर आला कीं थवेच्या थवे ठराविक पाणवठ्यावर उतरतात. पिलें उडूं लागेपर्यंत नर आपल्या पोटाचीं पिसें पाण्यांत भिजवून दूरवरून माळावर परततो आणि पिलें त्या ओल्या पिसांतून पाणी चोखून घेतात. हीच नियमितपणाची संवय त्याला घातक ठरली. शिकाऱ्यांनीं पाणवठ्याशीं दबा धरून बसावें आणि आल्या थव्यावर बार टाकावा, असा क्रम पुष्कळ वर्षें चालला. त्याच माळावर पोटासाठीं तित्तिर-लाव्यांना फांसे लावणारा फांसेपारधी मात्र गुन्हेगार जमातींच्या कायद्यांत अडकला. तो शिक्का कागदावरून पुसावयास १९५२ साल उजाडावें लागलें. एकाच कृत्याला साहेबाच्या हातून खेळ आणि पारध्याच्या हातून गुन्हा म्हणावयाचें, हा कोणता न्याय ?

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीस आळा बसला व १९९१ च्या दुरुस्तीनें परवान्याची वाटहि बंद झाली. बंदूक थांबली हें उत्तमच झालें. पण पांखरें सुखी झालीं काय ? सोलापुराजवळच्या नान्नजकडे पाहा. १९७९ सालीं माळढोकासाठीं ८,४९६ चौरस किलोमीटरांचें अभयारण्य जाहीर झालें. त्यांत शेंकडों गांवें व लोकांच्या खासगी जमिनी सांपडल्या. व्यवहार अडले, रोष वाढला आणि अखेर तें सुमारें १,२२२ चौरस किलोमीटरांवर आणावें लागलें. दरम्यान पाणी आलें, ऊंस आला, माळ नांगरला गेला, विजेच्या तारा उभ्या राहिल्या. गोळी न झाडतांहि माळढोक तेथून जवळजवळ दिसेनासा झाला.

याचें मूळ एका शब्दांत आहे : ‘पडीक’. सरकारी दप्तरांत आणि आपल्या बोलण्यांत माळ म्हणजे निरुपयोगी जमीन. पुण्यबुद्धीनें कोणी तेथें वृक्षारोपण करतो, पण दाट झाडी झाली कीं मोकळ्या गवतावर जगणाऱ्या पखुर्डीचें घर मोडतें, हें त्याच्या ध्यानीं येत नाहीं.

हें सर्व या मासिकांत लिहिण्याचें कारण इतकेंच कीं, आपल्या वाचकांपैकीं अनेक एकत्र कुटुंबांचा गांवाकडे असा चार-दोन एकर माळ असतो. वांटणीच्या वेळीं तो कोणाच्याच वांट्याला नको असतो आणि भाव आला कीं सर्वांनाच विकावयाचा असतो. ‘आमच्या सात पिढ्यांत कोणी पांखरूं मारलें नाहीं’ असें आपण अभिमानानें सांगतों, आणि तें खरेंहि असेल. पण मारलें नाहीं याचा अर्थ राखलें असा होत नाहीं. परदेशचा शिकारी मारण्यासाठीं कां होईना, रान राखतो. आपण अहिंसेचें व्रत पाळून तें विकून टाकतों. दोहोंपैकीं कोणाच्या पदरीं अधिक पाप, याचा निवाडा ज्यानें त्यानें आपल्या मनाशीं करावा.

पुढच्या वेळीं देवदर्शनाला गांवीं जाल तेव्हां, दिवस थोडा वर आल्यावर, मुलांना घेऊन त्या माळाच्या कडेला एक तासभर शांत बसा. विक्रीचा विचार करावयाचा असेल तर त्यानंतर करावा.